बाप-लेकीचे निरोप

मी, यशोदाबाई, कै. दौलतराव गुप्ते यांची पत्नी, वय अठ्ठावन्न, बी.ए., निवृत्त शिक्षिका, राहणार चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. हे कोणाच्या धाकाने लिहीत नाही. या घरात धाक माझाच आहे.

१. राहते घर, परड्यासह, मुलगा उद्धवराव यास. पन्हळ गळते, ती त्याने दुरुस्त करावी. सहा वर्षे सांगते आहे.

२. पोस्टातील शिल्लक सून सुमन हिला. बाप-लेकीच्या मध्ये पडू नये एवढे शहाणपण तिने दाखवले. मला ते नव्हते.

३. माझी पुस्तके व ट्रंक नात शालन, वय सोळा, हिला. ट्रंकेची चावी उद्धवकडे राहील. तिने ती स्वतः मागावी. चिठ्ठी चालणार नाही.

४. याचे कारण असे. गेल्या दिवाळीत खेडचे स्थळ शालनला पाहायला आले. पोह्यांच्या बशा ठेवताना ती म्हणाली, "मला दाखवलंत, आता मुलाचा मॅट्रिकचा दाखला दाखवा." मुलगा दोनदा नापास होता. पाहुणे उठले. तेव्हापासून उद्धव आणि त्याची ही लेक एकमेकांशी बोलत नाहीत.

"आई, तिला विचार, मीठ आहे का?"

"आजी, त्यांना सांग, पुढ्यातच आहे."

नऊ महिने मी एकाच पंगतीत टपाल वाटते आहे, आणि ते नीट वाटलेले नाही. डिसेंबरात शालनच्या परीक्षेचा फॉर्म आला. बापाची सही हवी होती. उद्धव म्हणाला, "एकदा समोर येऊन माग म्हणावं, करतो सही." एवढ्यानेही पोर चिडेल म्हणून मी तिला सांगितले, "विचार करतो आहे." ती थांबली. तोही थांबला. मुदत टळली. तिला वाटते बापाने फसवले, त्याला वाटते लेकीला माज आला. पोरीचे वर्ष मी घालवले. जन्मभर शुद्धलेखन घालताना "ऐकलेला शब्द बदलायचा नाही" म्हणून मुलींना जिने छड्या दिल्या, ती मी.

५. माझ्या मृत्यूनंतर हे मृत्युपत्र उद्धवने शालनला समोर बसवून मोठ्याने वाचावे. एकही शब्द गाळू नये. सुमनने पाणी द्यावे, बोलू नये.

खोडाखोडीची नोंद : साक्षीदार दुर्गाबाई हे वाचून म्हणाल्या, "अहो बाई, पुढला फॉर्म डिसेंबरात आणि तुम्ही मरणार कधी?" सबब कलम ५ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडून त्याजागी "आज जेवणाआधी" असे वाचावे. दुरुस्ती माझ्या हातची आहे.

सही : यशोदाबाई दौलतराव गुप्ते

साक्षीदार :
१. दुर्गाबाई रंगराव भोंडवे, शेजारीण
२. लालमहंमद वजीर शेख, सायकल दुकानदार

चिंचवड, दि. १२ ऑगस्ट १९५६