लाल रेघेपासून पुढचं

३ जून
सुटले एकदाची! एकोणीस वर्षं फळ्यासमोर घसा फोडला आणि कार्टी जांभया देत बसली. आता खडू नको, कार्टी नकोत. गार खोली, फिरती खुर्ची आणि काम काय, तर धड्यांचे तुकडे पाडायचे. धडा आधी काही मुलांना मोबाइलवर दाखवतात, कॅमेरा त्यांचे डोळे टिपतो. नजर हटली त्या सेकंदाला माझ्या पडद्यावर लाल रेघ उमटते. रेघेपासून पुढचं मी कापायचं. चाळीस मिनिटांची पचनसंस्था आज पन्नास सेकंदांत बसवली. साहेबीणबाई खूश!

१० जून
साहेबीणबाई म्हणाल्या, घरी मूल आहे ना, मग हा धड्यांचा मोबाइल घरीच न्या. इथे सगळेच नेतात म्हणे. आमची चिमी आठ वर्षांची. तिची नजर सातव्या सेकंदाला हटते. हे चिडले, म्हणाले, पोटच्या पोरीवर कसले प्रयोग करतेस. मी म्हटलं, तुम्ही कधी तिचा अभ्यास घेतलात? पेपरात तोंड घालून बसले.

१९ जून
चिमी तीन सेकंदांवर आली. जेवताना हे तिला स्वतःच्या लहानपणच्या खोड्या सांगत होते. चौथ्या शब्दाला तिने मान वळवली आणि यांचा आवाजच गेला. ओठ नुसते हलत होते. तिने परत बघितलं तेव्हा आवाज आला. यांना पत्ताच नाही.

२३ जून
मोबाइल नेऊन टेबलावर आपटला. साहेबीणबाई हसल्या. म्हणाल्या, तुम्ही कापायला शिकवलंत, ती शिकली. निर्लज्ज मेली!

२४ जून
सकाळी हे चिमीसमोर बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होते. तिला कंटाळा आला. खिडकीकडे बघितलं, बस्स. एक नाडी सुटीच. हे— नाहीत. यांच्या चपला दारात आहेत. मी तिला परत परत तिकडे बघायला लावलं. नाही आले हो.

२५ जून
चिमी विचारते, कोण बाबा? एक ठेवून दिली. मग पोटाशी धरून रडले. ती भिंतीकडे बघत होती. माझ्या डाव्या हाताची बोटं— पुसट झालीत.

२६ जून
टाळ्या वाजवते. वेडीवाकडी तोंडं करते. दर तीन सेकंदांनी नवीन काहीतरी— घसा बसला. मी गेले तर हिचं कोण करणार?

दुपार
बघतेय माझ्याकडे. लिहून घेते. ज्याला ही वही सापडेल त्याने, पाया पडते, पुरतं वाचा. चिमीला धाप लागते. लागली की एक झाकण औषध, लगेच. फळीवर दोन बाटल्या आहेत, अगदी सारख्या. एकीत मीच मूर्खाने फरशीचं ॲसिड भरलंय—

जांभई देतेय— चिमे, इकडे, इकडे बघ गं राणी—

औषधाची बाटली ती