डेल्मरचा जुना हिच

४ ऑगस्ट
डेल्मर वारल्यावर आज प्रथमच सुट्टीत राहायचा ट्रेलर हायवेवर काढला. ताशी पंचावन्न मैलांवर त्याने शेपूट हलवायला सुरुवात केली. दोष उघड आहे. पिकअपला ट्रेलर जोडायचा डेल्मरचा हिच तीस वर्षांचा जुना, एक गोळा आणि एक आकडा. मागून जोलीन येत होती. म्हणाली, "आई, सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला हा तळ्यापर्यंत सरळ नेता आला नाही, तर विकायचा." ही स्वतःच्या दारातली पत्रपेटी दोनदा गाडीखाली घेणारी मुलगी.

७ ऑगस्ट
लायब्ररीतून ट्रेलर ओढण्यावरची तीन पुस्तकं आणली, वाचली. डेल्मरने जन्मात बियाण्याच्या पोत्यापलीकडे काही वाचलं नाही. निर्णय: हेलकावे रोखणारा घर्षणाचा दांडा. शेजारचा व्हर्जिल म्हणाला, आधी आत काय भरलंय ते बघू. त्याला दोन कोलाचे, जॅम भरलेले गोड पाव, दिले आणि घरी पाठवलं.

१२ ऑगस्ट
दांडा बसवला. चाळीसला ठीक, पंचावन्नला पुन्हा शेपूट. बोल्ट व्हर्जिलने आवळला होता. दुसरं काय होणार.

१९ ऑगस्ट
दुकानातला सर्वांत भारी हिच घेतला. वजन वाटून घेतो, दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दांडे. विक्रेत्याने विचारलं, जड सामान कुठे ठेवता? मी तीस वर्षं हा ट्रेलर भरते आहे, तुम्ही हिच विका, म्हटलं.

खरं तर डेल्मरशी भांडण त्यावरूनच व्हायचं. माझ्या पुस्तकांची आठ खोकी मी मागच्या बंकवर, झोपायच्या फळीवर, ठेवायची. तळ्यावर पोचावं तर ती पुढच्या पलंगाखाली. दरवर्षी. विचारलं की डेल्मर म्हणायचा, "तिथे त्यांना बरं वाटतं." वाचणाऱ्या बाईशी नवऱ्याने असंच वागायचं असतं बहुतेक. यंदा खोकी मी ठेवली तिथेच आहेत.

२३ ऑगस्ट
एक मालट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर रस्त्याच्या दोन्ही पट्ट्यांवर फिरला. कडेला थांबले. अर्धा तास सावलीत बसले, उन्हामुळे. जोलीनने तिथूनच फोन लावला. रविवारी गिऱ्हाईक बोलावलंय.

२८ ऑगस्ट
हिच सदोष आहे हे सिद्ध करायला व्हर्जिलला घेऊन धान्याच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर गेले. ट्रेलरची चाकं काट्याबाहेर, पुढचा जॅक काट्यावर. हिचवर एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पडायला हवा. पुस्तकात आहे, मी खूणही केली होती. पडत होता विसावा.

व्हर्जिलने काट्यावरचा आकडा पाहिला, ट्रेलरमध्ये जाऊन आला.

"आर्लीन, मागे तुझी पुस्तकं आहेत ना? डेल्मर ती पुढे न्यायचा. कमरेला पट्टा बांधून, तू सँडविच करत असायचीस तेव्हा."

मला का नाही सांगितलं, म्हटलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाला, सांगितलं तर ती निम्मी घरी ठेवेल."

३० ऑगस्ट
आठही खोकी पुढे नेली. दोन तास लागले. नवा हिच काढून डेल्मरचा लावला. ताशी पंचावन्न, ट्रेलर सरळ. जोलीनने गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं.

लेबर डे, तळ्यावर
कंबर धरली आहे. पुस्तक घ्यायला सवयीने मागच्या बंककडे गेले. रिकामा होता. डेल्मरवर ओरडायला तोंडही उघडलं होतं.