पहिल्या रांगेचा दम

प्रिय धम्मप्रिया,

सप्रेम जय भीम. निकाल लागल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे मध्येच कट करता येत नाही.

आधी घरची बातमी. जयंतीच्या मिरवणुकीसाठी यंदा तुझे बाबा लेझीम पथकात उतरलेत. पोट सुटलंय, गुडघे कुरकुरतात, पण हट्ट पहिल्या रांगेचा. सरावात धाप लागली की आपलं हृदय बसतंय असं त्यांना वाटायचं. डॉक्टरांनी छाती तपासून सगळं ठीक सांगितलं, तरी पटेना. मग मी तुझा डॉक्टरकीचा धडा काढला. तोंडी परीक्षेआधी रोज संध्याकाळी तू फोनवर म्हणायचीस आणि मी भाकऱ्या थापत ऐकायचे, तोच. जोरात नाचलं की रक्त जरा आंबटपणाकडे झुकतं, एवढं ऐकून बाबा जे उठले ते थेट पथकाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेनं पाण्यात खायचा सोडा घालून प्यायला. आंबटावर सोडा, हिशेब सरळ. हलगी सुरू झाली आणि अख्खी रांग ढेकर द्यायला लागली. लेझीम एका तालात, ढेकर दुसऱ्या. हलगीवाला तात्याबा बाबांना म्हणाला, "त्रिंबकराव, ह्यो कुटला नवा ताल काढलाव?" बायका पदर तोंडाला लावून बसल्या.

शेवटी मीच मध्ये उभी राहिले आणि राहिलेला धडा म्हणून दाखवला. आंबटपणा झेलणारी द्रव्यं रक्तातच असतात. ती तो झेलतात, त्याचा वायू होतो आणि श्वासावाटे निघून जातो. म्हणजे धाप लागणं हे शरीराचं सावरणं आहे. त्यातूनही जे उरतं ते मूत्रपिंडं सावकाश, आपल्या गतीनं बाहेर टाकतात. तेव्हा सोडा नको, घटकाभर बसा. तात्याबानं विचारलं, "वैनी, तुमी डाक्टर कवा झालाव?" मी म्हटलं, मी नाही, माझी लेक.

काल दिपकनं मला आपल्या ताईचा मेसेज दाखवला. एका पेपरात नापास झालीस, डोक्यात काही शिरतच नाही, कॉलेज सोडून घरी येतेस. अगं, तुला समजलं नसतं तर भाकऱ्या थापता थापता मला कसं समजलं असतं? ये, पण मिरवणुकीला ये. बाबा धापा टाकत कडेला बसतील आणि पुन्हा उठून रांगेत शिरतील, ते बघ. परतीचं तिकीट दिपकनं काढलंय, फेरपरीक्षेच्या बरंच आधीचं. आणि संध्याकाळी फोन करत जा. मूत्रपिंडांपुढचा धडा मी अजून ऐकलेला नाही.

तुझीच,
आई