खुराड्याची वरची झडप

प्रिय सूनबाई,

तू गेल्यापासून तुझ्या कोंबड्या मी सांभाळते आहे, हे वाचून तुला हसू येईल. जन्मभर त्यांच्या वासाला नाक मुरडलेली तुझी सासू आता सकाळी उठून आधी खुराड्यात डोकं घालते. तुझ्या नवऱ्यानं त्या खाटकाला द्यायच्या ठरवल्या होत्या. मी सांगितलं, खाटीक दारात आला त्या दिवसापासून या घरात चूल पेटणार नाही. जेवणावर गदा येते म्हटल्यावर बेत सोडला.

यंदा थंडीनं कहर केलाय. भांड्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, तो मी लाटण्यानं फोडते आणि कोमट पाणी ओतते. संध्याकाळी मका थोडा जास्त टाकते, म्हणजे भरल्या पोटी रात्र निघते. तुझी ती मास्तरीण कोंबडी अजून सगळ्यांना चोची मारून पुढे घुसते. अंडी मात्र नाहीत. दिवस लहान, त्यात पिसं झडलेली, देतील कुठून? तुझा नवरा म्हणतो, फुकट खातात. मी म्हटलं, फुकट खाणारे या घरात फक्त कोंबड्याच नाहीत.

पहिल्या गारठ्यात मात्र मी घोळ घातला. मायेच्या भरात खुराड्याची वरची झडप पोत्यानं बुजवली, फटींत चिंध्या कोंबल्या. सकाळी पाहते तर भिंतींना पाणी सुटलेलं, पेंढा ओला, आणि कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडलेली. तेव्हा तुझं बोलणं आठवलं. थंडी त्यांना चालते, ओल चालत नाही. त्यांच्याच श्वासाची वाफ आत कोंडली की ती त्यांच्या जिवावर उठते. पोतं ओढून काढलं, पेंढा बदलला, तुऱ्याला तेल चोळलं. आता वारा डोक्यावरून निघून जातो आणि सगळ्या दांडीवर पिसं फुगवून खुशाल बसतात.

ते पोतं हातात धरून मी बराच वेळ तिथंच उभी होते. माझ्या लेकानंही तुला असंच जपलं. दगदग नको म्हणून शिवणाच्या दुकानातली नोकरी सोडायला लावली, डोक्याला ताप नको म्हणून फोन काढून घेतला, आणि शेवटी दाराला बाहेरून कडी. मला त्याची लाज वाटते, पोटचा असला तरी. गल्लीत सांगत फिरतो, बायको विश्रांतीला माहेरी गेलीय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? ती कडी कुणी काढली म्हणून शेजाऱ्यांवर संशय घेत होता. काल मी त्याच्या तोंडावर सांगितलं, मी काढली, आणि पुन्हा लावलीस तर पुन्हा काढीन.

तरी त्याची खोड जात नाही. तुझा पत्ता एकट्या मला ठाऊक, म्हणून आज सकाळी माझ्यापुढे कागद ठेवून मजकूर सांगितला. आई अंथरुणाला खिळलीय, शेवटचं भेटून जा, असं लिही म्हणाला. माझ्यासाठी तू धावत येशील हे तो ओळखून आहे. त्याच कागदावर हे लिहिते आहे. मी ठणठणीत आहे. कुणाकरवी मी मेले असा निरोप आला तरी या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस. तुझ्या तिकडच्या खोलीमागे अंगण आहे ना? टेम्पोवाल्याशी बोलले आहे, रविवारी कोंबड्या घेऊन येते. खुराडं तयार ठेव, झडप वरच्या बाजूला कर. आणि एक अंथरूण जास्तीचं लागेल, मी त्या टेम्पोनं परत जाणार नाही.

तुझीच,
त्याची आई असले तरी तुझी सासू