वासरांचा डबा

२ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. तू बांधून दिलेलं लोणी प्रवासात वितळलं आणि माझी नवी पिशवी तेलकट करून गेलं. तरी चवीला चांगलं होतं, म्हणून काही बोलत नाही.

खोटं कशाला लिहू, तुझं वासरू बघून माझ्या पोटात दुखलं. ते आणि माझं कोकरू, पहिलवान, एकाच दिवशी जन्मले, तीन मार्चला. तुझं वासरू दिवसाला आठशे ग्रॅम वाढतं. तू ते माझ्यादेखत काट्यावर चढवून दाखवलंस, एकदा नाही, दोनदा. मी पहिलवानाला दर रविवारी गोणपाटाच्या झोळीत घालते, दाराच्या चौकटीला ताणकाटा लटकवते आणि श्वास रोखून बघते. या आठवड्यात सव्वा किलो. आख्ख्या आठवड्यात!

तुला गंमत वाटेल, पण मला रडू येतं. माझा जुना मेंढा आता थकला. येत्या हंगामापासून कळपातली सगळी कोकरं पहिलवानाची असणार. हाच खुरटा निघाला तर चार वर्षं मी मेंढ्या निवडत बसले ते सगळं पाण्यात. आणि तू मात्र आणखी एक गाय घेतलीस, ती व्याली, झालं. तुझं नेहमी असंच होतं.

वासराला काय घालतेस ते विचारत नाही. तू सांगशील आणि जन्मभर ऐकवशील.

तुझ्या मिस्टरांना आशीर्वाद. माझ्यावर माया असू दे, निदान वासराच्या निम्मी तरी.

तुझी,
ताई

---

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. रागावू नकोस, पण जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनाही वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या की वासराची आणि कोकराची तुलना ग्रॅमात करायचीच नाही. कोकरू दोन-तीन आठवड्यांत जन्माच्या दुप्पट होतं, वासराला त्यासाठी दीड महिना लागतो आणि डुकराचं पिल्लू तर दोघांनाही मागे टाकतं. प्रत्येक प्राण्याचं घड्याळ वेगळं. तशा हिशेबाने तुझा पहिलवानच पुढे आहे. शिवाय त्याचा बाप शेजाऱ्यांचा मोठ्या जातीचा मेंढा आणि आई तुझी ठेंगणी मेंढी. बापाचं हाड त्याच्यात असेल तर ते आपोआप दिसेल, नसेल तर खाऊ घालून येणार नाही. आपलंच बघ ना. एका घरात एकच जेवण जेवून मी बाबांवर गेले आणि तू आईवर. वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की बाबा मलाच हाक मारायचे, आठवतं?

इथे एक कटकट झाली आहे. गोठ्यातला पिवळा डबा गेला. वासरांचं मिनरल मिक्श्चर असतं ना, तो. नणंदबाईंशिवाय गोठ्यात कुणी फिरकत नाही आणि त्यांनी हल्ली दोन मेंढ्या पाळल्यात. मी विचारलं तर त्या नाही म्हणाल्या. मला पटलं नाही आणि मी तसं तोंडावर बोलले. तेव्हापासून त्या धारा काढायला येत नाहीत. तिन्ही गायी मी एकटी पिळते, हात भरून येतात.

प्रकृतीला जप. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

---

६ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

माझी पत्रं गावभर वाचून दाखवायला ती काही वर्तमानपत्रं नाहीत. आणि फळीची आठवण काढायची काय गरज होती? मला स्टुलावर चढता येत होतं. तुला हाक मारायची हौस बाबांना होती.

असो. पहिलवान या आठवड्यात एक किलो आठशे ग्रॅमने वाढला. मी काटा तीनदा बघितला. पाठीवर हात ठेवला तर हाताखाली मांस लागतं, कण्याचे मणके लागत नाहीत. आता सांग तुझ्या डॉक्टरीणबाईंना की खाऊ घालून काही येत नाही! मीही कोकराला काहीबाही घालू शकते, सगळी अक्कल तुमच्याच गोठ्यात जन्माला आलेली नाही.

तुझ्या नणंदबाईंबद्दल मी काय लिहू? डबा सापडेल कुठेतरी. तू मात्र बोलताना आवर घालत जा, पहिल्यापासून तुझी जीभ सैल.

मुलांना पापा. आमची आठवण असावी.

तुझी,
ताई

---

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही, शेवटपर्यंत वाच. काल डॉक्टरीणबाईंना डबा गेल्याचं सहज सांगितलं, तर त्या खुर्चीवरून उठल्याच. त्या मिक्श्चरमध्ये तांबं असतं. वासराला ते लागतं आणि पचतं. मेंढीला नाही. ते तिच्या यकृतात नुसतं साठत जातं. महिना-दोन महिने जनावर अगदी छान दिसतं, मग एके दिवशी खाणं सोडतं, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते आणि दोन दिवसांत संपतं. काही जाती थोडा तग धरतात, काही तेवढाही नाही.

मी तशीच नणंदबाईंकडे धावले. आमच्यात बोलणं नव्हतं, तरी अंगणातूनच ओरडून सांगितलं. त्यांनी मला गोठ्यात नेऊन कोपरा न् कोपरा दाखवला. डबा नव्हता. त्यांच्या मेंढ्या ठणठणीत आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई, मी तुला काहीही विचारत नाही. तुझ्या कळपात असलं काही गेलं असेल तर आज, हे पत्र हातात असतानाच बंद कर आणि डॉक्टरांना बोलाव. लवकर कळलं तर औषध आहे. छापील माहितीचे चार कागद त्यांनी दिलेत, ते सोबत घातलेत.

उत्तर लगेच टाक. तुझी काळजी लागली आहे.

तुझी,
धाकटी

---

३ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पहिलवान गेला. परवा सकाळी. त्याच्या आदल्या दिवशी त्याची जुळी बहीण गेली. दोघांचे डोळे तुझ्या पत्रात लिहिल्यासारखेच झाले होते.

डबा मी नेला. निघताना तू लोणी आणायला आत गेलीस तेव्हा पिशवीत टाकला. त्या दोघांनाच देत होते, सगळ्या कळपाला पुरला नसता म्हणून. रोज दोन चमचे, वासराच्या मापाने. चार मेंढ्यांचं रक्त तपासलंय, त्या ठीक आहेत. इथल्या डॉक्टरांना मी पहिलवानाच्या वजनाचे आकडे दाखवले, निदान तेवढं तरी त्या डब्याने दिलं असेल म्हणून. ते म्हणाले, बाई, हे बापाचं हाड होतं. नुसत्या गवतावर आणि आईच्या दुधावरही हा एवढाच वाढला असता.

नणंदबाईंना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात काहीही लपवलेलं नाही. त्यांनी ते चारचौघांत वाचलं तरी माझी तक्रार नाही.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते. तुझं पत्र मला तेवीस जुलैला मिळालं. पाकीट जाडजूड होतं. मला वाटलं वासराचे फोटो असणार, वजनं असणार, पुन्हा बाबा असणार. म्हटलं, नाही वाचायचं. ते मी घड्याळामागे खोचून ठेवलं आणि आठ दिवस रोज त्याच्यासमोरून दोन चमचे घेऊन गेले. पहिलवानाने तोंड फिरवलं त्या दिवशी फोडलं.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही. रागावून का होईना, पण लिही. आलेलं पत्र मी दारातच फोडेन.

तुझी,
ताई