डाव्या हाताचं उलटं अक्षर

मियागाव, रविवार, मासळीबाजार उठल्यावर

आदरणीय मनोंग सेल्सो,

नमस्कार म्हणून तुमचा हात माझ्या कपाळाला लावतो (डाव्या हाताने धरून; उजवा अजून रुसलेला आहे). माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे तुमचा, गुडघा कसा आहे? खोबरेल चोळता, की नुसताच उन्हात ठेवता?

अर्धांगाचा झटका आला तेव्हा जीव वाचला, पण जन्मभर प्रवासी जीपन्यांवर नावं रंगवलेला उजवा हात गेला. मग डाव्यात ब्रश धरला. अक्षरं झरझर उतरली, वळणदार, ठसठशीत, पण सगळी आरशात दिसावीत तशी उलटी! मुद्दाम नाही करत, हात आपणहून तिकडेच पळतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी. तुमच्या भावजयीने, रोसिंगने, कागद उशीखाली दडवला, पण शेजारच्या नांग पासिंगने तो हुडकलाच, आणि तुमच्या या तेमियोंगमध्ये आस्वांग पिशाच्च शिरल्याचं गावभर झालं. आता आस्वांगच्या डोळ्यांत आपण खाली डोकं वर पाय दिसतो, हे शेंबडं पोरही जाणतं. त्यामुळे जो तो तांदळाची पेज घेऊन भेटीला यायचा आणि माझ्या डोळ्यांत डोकावून जायचा. (पेज चांगली होती. म्हणून मीही बराच काळ खुलासा केला नाही.)

"मी सरळच दिसतेय," पासिंग म्हणाली, "पण इतकी जाड कशी?"

"नांग, डोळे खोटं बोलत नाहीत," मी म्हटलं. तेव्हापासून तिची पेज बंद आहे.

आणि मग आमच्या गावच्या बारांगायला रुग्णवाहिका मिळाली! पुढच्या गाडीच्या आरशात वाचता यावं म्हणून तिच्या कपाळावर नाव उलटं लागतं. रंगाऱ्यांनी आरसे लावून, कागद उलटेपालटे करून पाहिले. प्रत्येक वेळी एखादं अक्षर सुलट व्हायचंच. मी खुर्ची मागवली आणि एका बैठकीत लिहून टाकलं. गावप्रमुख कपितानने आरसा धरला, वाचलं आणि ओरडला, "नोंग तेमियोंग, आस्वांग असलात तरी चालेल, आमच्याकडेच राहा!" रोसिंग रडली. मीही थोडा, डाव्या डोळ्याने.

तुमचा,
तेमियोंग

ता.क. ऐकलं की वहिनीच्या नावाची पाटी फिकी पडली म्हणून तुम्ही जीपनीवर छापील अक्षरांची तयार चिकटपट्टी लावणार आहात. मनोंग, 'नेलिया' मी रंगवलं तेव्हा ती शेजारी उभी राहून 'अजून मोठं' म्हणत होती. चिकटपट्टीला ते काय ठाऊक? गाडी माझ्याकडे आणा. नाव उलटं होईल खरं, पण पुढचा प्रत्येक ड्रायव्हर आरशात ते सुलट वाचेल आणि बाजूला होईल. ती होती तेव्हा तिच्या वाटेतून आपण सगळे बाजूला होतच होतो.

ता.क. २ रोसिंग म्हणते, पत्र आरशासमोर धरून वाचा, हे मी वरच लिहायला हवं होतं. असो. आरशासमोर आहातच, तर दाढी करून या.