शून्याखालची सही

प्रिय अमरेश,

फोनच्या जमान्यात अक्काला कागद-पेन कुठून सुचलं म्हणून हसशील. हस बापा, तेवढंच. गेल्या शुक्रवारपासून तुला अकरा वेळा फोन लावला. दोनदा उचललास, ‘अक्का, कामावर हाय, मागून बोलतो’ म्हणून ठेवून दिलास. बाकीच्या वेळी नुसती रिंग. फोन कट करता येतो, कागद कट करता येत न्हाई, म्हणून लिहायलेय. आपल्या गल्लीतला दगडोबा हैदराबादच्या एसटीवर ड्रायव्हर हाय, त्याच्या हाती आज संध्याकाळी देणार. त्याला म्हणलं, भावाचे आधारकार्डाचे कागद हायत, त्याच्याच हातात दे. खोटं बोलले. ह्या महिन्यात लई खोटं बोलून झालं, त्यात आणखी एक.

अंगणवाडीत बसलेय. लेकरं खिचडी खाऊन घरी गेली. दाराला आतून कडी लावलीय आणि आपली मदतनीस सिंधु बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसलीय. कोणी आलं तर ती खोकणार हाय. गल्लीत मोटरसायकल वाजली की मी हा कागद वजनाच्या रजिस्टरात सारते. चव्वेचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षं नोकरी झालेली, आणि स्वतःच्याच अंगणवाडीत चोरासारखी बसलेय बघ. 

सुकन्या बरी हाय असं लिहिणार होते. पण तुझी पोरगी हाय, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मागच्या बुधवारपासून ती शाळेत गेली न्हाई. दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली. हॉलतिकीट शाळेत येऊन पडलंय, बाईंनी दोनदा निरोप धाडला, तर रत्नम्मा वहिनीनं सांगितलं, पोरीला ताप हाय. ताप कसला न् काय! मी डबा द्यायच्या निमित्तानं गेले तर पोरगी मागच्या खोलीत शेंगा फोडत बसलेली. माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिचा फोन आपल्या थोरल्या अण्णाच्या खिशात. वहिनी दारातून हालायला तयार न्हाई. मी विचारलं, बरी हाईस का गं? तर तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. नंतर मला कळलं की अण्णानं तिच्याकडून इष्टलिंगावर हात ठेवून आण घेतलीय, शाळेत किंवा माझ्यापाशी एक शब्द काढायचा न्हाई म्हणून. पंधरा वर्षांचं लेकरू, आण पाळून राहिलंय. मोठी माणसं काय काय पाळतात ते तुला मी काय सांगू?

तुला वाटत असेल, अण्णा राक्षस झाला का काय. न्हाई रे. तसा असता तर मला सोपं गेलं असतं. मी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा त्यानंच दोन खोल्या दिल्या, त्यानंच ह्या नोकरीचा अर्ज भरायला मला चाकूरला नेलं. सुकन्याची आई, तुझी महामाया, कोरोनात गेली आणि तू हैदराबाद धरलंस, तेव्हापासून पोरीला त्यानंच सांभाळलं. तो खरंच भितो, अमरेश. वयात आलेली पोर, आई न्हाई, बाप परमुलखात. शाळा चार किलोमीटर, संध्याकाळची बस बंद झालेली, फाट्यावर टवाळ पोरं गाड्या लावून उभी. काही झालं तर सरपंचाच्या घराची इज्जत गेली असं लोक म्हणतील. त्याच्या भीतीवर त्याला एकच औषध म्हाईत हाय, आपल्या आप्पांनी माझ्यावर वापरलं तेच.

आता नीट वाच, कारण ह्यात माझी चूक हाय आणि ती मी कुणापाशी कबूल केली न्हाई.

अण्णा सरपंच हाय, तसा तो गावाच्या बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष पण हाय, आणि अंगणवाडीताई म्हणून मी त्या समितीची सचिव. औंदा वरून आदेश आला की गावाचा आराखडा ‘बालस्नेही’ करायचा. म्हणजे पंचायतीनं पैसा कशावर खर्चायचा हे लेकरांना विचारून ठरवायचं. मला लई आनंद झाला होता, खरं सांगते. जानेवारीत शाळेच्या पटांगणात बालसभा घेतली. लाजतात म्हणून पोरांना म्हणलं, नाव लिहू नका, फक्त काय पाहिजे ते चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाका. काय काय लिहिलं होतं लेकरांनी! संडासाला आतून कडी पाहिजे. पाच वाजताची बस पाहिजे. एकानं लिहिलं, मास्तरनं कान ओढू नये. अण्णा खुर्चीवर बसून पोट धरून हसत होता, ग्रामसेवक लिहून घेत होते, आणि मी एकेक चिठ्ठी काढून मोठ्यानं वाचत होते. आधी स्वतः वाचून बघावी एवढी अक्कल मला सुचली न्हाई. एक उघडली आणि तशीच वाचून मोकळी झाले: ‘मला दहावीचे सगळे पेपर देऊ द्या. त्याच्या आधी माझं लग्न लावू नका.’

वाचून झालं आणि मग मी अक्षर ओळखलं. ओळखणार न्हाई तर काय, ह्याच खोलीत हात धरून मीच तिला गिरवायला शिकवलंय. सगळी पोरं वळून सुकन्याकडं बघायला लागली. ती पांढरीफटक पडली. अण्णाचं हसू तोंडावरच राहिलं. पण माणूस मुरलेला. दोन क्षणांत सावरून म्हणला, “परीक्षेची भीती घेतलीय लेकरांनी. लिहा ग्रामसेवक, दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका.” आणि ग्रामसेवकांनी लिहिलं. तुझ्या पोरीनं जीव वाचवा म्हणून हाक मारली आणि गावाच्या आराखड्यात तिची अभ्यासिका झाली. टेबल, खुर्च्या आणि पंख्यासकट. मी तिथंच उभी होते. मी पुढची चिठ्ठी उघडली.

मला आधीपासून म्हाईत होतं, हे पण लिहिते. दिवाळीत कंधारची मंडळी पोरगी बघून गेली तेव्हा पोहे मीच केले होते. मुलगा अठ्ठावीसचा, कापडाचं दुकान, माणसं सभ्य, काही मागणं न्हाई. उन्हाळ्यात नुसतं ठरवून ठेवू, लग्न पुढं बघू, असं अण्णा म्हणला होता. मी मनाला समजावलं की तोपर्यंत पोरगी दहावी होईल, मग काहीतरी करू. काहीतरी म्हणजे काय, ते मी कधीच ठरवलं न्हाई. पण त्या चिठ्ठीनंतर अण्णाला वाटलं, आज चिठ्ठी लिहिली, उद्या शाळेत सांगेल, परवा पोलीस येतील. उन्हाळ्याचं लग्न ह्या शुक्रवारवर आलं. मी ती चिठ्ठी गप खिशात घातली असती तर हा शुक्रवार आला नसता. रोज सकाळी डोळा उघडला की आधी हेच मनात येतंय.

लग्न कंधारच्या बाजूला, त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी हाय. पत्रिका छापली न्हाई, कारण छापणारा आता वयाचा दाखला मागतो. मांडव न्हाई, बँड न्हाई. चाळीस माणसं, सकाळी नऊला अक्षता. आपले ग्रामसेवक, ज्यांनी कायद्यानं असलं लग्न थांबवायचं, ते शुक्रवारी रजेवर. आणि ऐक, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो आराखडा मंजूर झाला. त्याच्या पहिल्याच पानावर रकाना हाय, गावातील बालविवाहांची संख्या. शून्य. खाली अध्यक्षाची सही आणि सचिवाची सही. मी पेन हातात धरून बसले तर अण्णा हळूच कानाशी म्हणला, “अंबिका, लग्न नांदेड जिल्ह्यात हाय. आपल्या हद्दीत न्हाईच. आपलं शून्य शून्यच राहतंय.” जिल्ह्याहून पाहणी येणार, गावाला बक्षीस मिळणार, भिंतीवर पाटी-दप्तराची चित्रं पण रंगवून झालीत. सगळे टाळ्या वाजवत होते. मी सही केली. भीतीनं केली, अमरेश. डोक्यावरचं छप्पर जाईल, नोकरी जाईल, ह्या भीतीनं.

त्यानंतर एक दिवस अण्णा इथं आला. लेकरांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसला, एका पोराला मांडीवर घेऊन त्याला राजगिऱ्याचा लाडू भरवला. लई गोड बोलत होता. शेवटी उठताना म्हणला, “तू माझी बहीण हाईस का सरकारची, ते ठरव. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं व्हायला नको.” मग दारातून वळून म्हणला, “मी एकट्यानं ठरवलं न्हाई. पोरीच्या बापानं हाव म्हणलंय.”

तेव्हापासून मी तुला फोन लावायले. खोटं असेल म्हणून वाट बघितली. तू उचलत न्हाईस म्हणल्यावर समजले की खरं हाय.

तू लहान होतास, सात वर्षांचा. माझ्या लग्नात तू माझ्या चपला कडब्याच्या गंजीत लपवल्या होत्यास, अक्काला जायला नको म्हणून. आप्पांनी तुला थोबाडीत मारली आणि मी अनवाणीच गाडीत बसले. चौदा वर्षांची होते. लग्नानंतर काय झालं ते तुला कुणी सांगितलं न्हाई, मीही न्हाई. पंधराव्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, मुरुडच्या दवाखान्यात नेईपर्यंत दीड दिवस गेला. पोरगी होती. तिनं एकदा तोंड उघडलं, आवाज निघाला न्हाई. मला परत मूल झालंच न्हाई, आणि सासरच्यांनी ते माझ्याच कपाळी लिहिलं. आता मी गावातल्या गरोदर बायांची वजनं घेते, गोळ्या देते. एखादी सोळा-सतराची समोर उभी राहिली की मी तिचं वय परत विचारते. काट्यावरचा आकडा दोनदा वाचावा लागतो. सुकन्याचं वजन मी डिसेंबरात घेतलं होतं. अडतीस किलो.

तुला दोष द्यायला बसले न्हाई. बारा-बारा तास उभा राहून काम करतोस, खोलीत पाच जण, पोरीला तिथं कुठं ठेवणार, हे समजतं मला. अण्णानं फोनवर विचारलं असेल, जिम्मेदारी कोण घेणार, आणि तू थकून हाव म्हणला असशील. एका शब्दाचं काम. पण त्या शब्दावर पोरगी शुक्रवारी उभी राहणार हाय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते. काल सोमवारी दुपारी मी चाकूरला मीटिंग हाय म्हणून गेले आणि स्टँडच्या मागं उभी राहून लेकरांच्या मदतीच्या नंबरावर, १०९८ ला, फोन लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, जिल्हा कोणता. म्हणलं, पोरगी लातूरची, लग्न नांदेडात, दोन्ही लिहा. जागा सांगितली, वेळ सांगितली, पोराचं नाव सांगितलं. लग्न कोण लावून देतंय विचारलं, मी अण्णाचं नाव दिलं. मग तिनं विचारलं, मुलीचे वडील हयात हायत का, त्यांची संमती हाय का. हायत म्हणलं, संमती पण हाय म्हणलं. आणि तुझं नाव सांगितलं, अमरेश. पूर्ण नाव, आप्पांच्या नावासकट. कायद्यात बाप पहिला धरतात. माझं नाव गुपित ठेवतील म्हणे, पण गावात दुसरं कोण असणार? शुक्रवारी सकाळी ते येतील, पोरीला बाल कल्याण समितीपुढं नेतील. मला अण्णा त्या दिवसापासून दारात उभं करणार न्हाई. त्या समितीपुढं तिच्याजवळ तिचं एक तरी माणूस पाहिजे. तू गुरुवारच्या रात्रीपर्यंत ये आणि माझा हाव चुकला म्हणून त्यांना सांग. तुझ्यावरचा बोजा तेवढा तरी हलका होईल, आणि पोरीला कळेल की बाप लेक विकत न्हाई, चुकतो. हे सगळं तुला कळवून मी पोरीचा जीव तुझ्या हातात ठेवायलेय, एवढी अक्कल मला हाय. तू एक फोन केलास की अण्णा तिला आजच दुसरीकडं हलवेल, आणि मग ती कुणालाच सापडणार न्हाई. तरी पण सख्ख्या भावाला न सांगता त्याच्या हातात बेड्या पडू द्यायला मन धजेना. हा कागद वाचून झाला की तू फोन हातात घेशील. तो अण्णाला लावशील का मला, ह्याच्याइतकं भ्या मला आप्पांचं वाटलं न्हाई, मरणाचं वाटलं न्हाई.

तुझीच,
अंबिका अक्का